आयफोन ३जी: ३१ हजार मोजावेत का? (वापरणाऱ्यांनी सांगा, न वापरणाऱ्यांनी जपून सांगा)

विमावाले_नाशिक | २५ ऑगस्ट २००८, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार.

शुक्रवारी तो आयफोन एकदाचा भारतात आला. ८ जीबीचा ३१,००० आणि १६ जीबीचा ३६,१००. एअरटेल किंवा व्होडाफोन, तिसरा पर्याय नाही. शनिवारपासून मला तीन जणांनी फोन करून "घेतला का?" विचारलं, जणू माझ्याकडे पैशाचं झाड आहे. पण खोटं कशाला बोलू, इच्छा आहे. म्हणून विचारतोय.

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे उत्तर त्या हिशोबाने द्याल. मी विमा एजंट. सकाळी चहा व्हायच्या आत त्या दिवशीच्या वाढदिवसांचे एसेमेस जातात. मग हप्त्यांची आठवण. एकच मजकूर, नाव आणि रक्कम बदलून, पन्नास ठिकाणी. सणावारी तर विचारू नका. परवा ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राला सुवर्ण मिळालं तेव्हा आलेला एक झकास एसेमेस तासाभरात मी सगळ्या सातपूर-अंबडला पोचवला होता. गिऱ्हाईकाला आपण आठवणीत राहतो ते असे.

दुसरं, कागदपत्रं. वयाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या पॉलिसीचं पहिलं पान. लोक मूळ कागद हातात देत नाहीत आणि झेरॉक्स काढायला दुकान जवळ नसतं. मी माझ्या नोकिया एन७३ ने फोटो काढतो, घरी संगणकावर मोठा करून जन्मतारीख वाचतो. आणि तिसरं, ब्लूटूथ. माझा हाताखालचा पोरगा नवीन नंबर ब्लूटूथनेच पाठवतो.

एन७३ च्या कीपॅडवरचे आकडे अंगठ्याने पुसून गेलेत, पण फोन झक्कास चालतो. बदलायची गरज आहे असं नाही. फक्त आता हप्ते घेणारी पोरं आयटीतली आहेत, त्यांच्यासमोर हा जुना डबा काढताना जरा कसंतरी होतं. बायकोने एका वाक्यात विषय संपवलाय, "एवढ्यात अडीच तोळे येतात." मेव्हणा म्हणतो मुंबईत फोर्टात बाहेरून आलेला जुना आयफोन स्वस्तात मिळतो, तो घे.

कोणी प्रत्यक्ष घेतलाय का? रोज वापरणाऱ्याचं मत हवंय. जाहिरात मी पण वाचली आहे.

---

खडूस_काका | २५ ऑगस्ट २००८, रात्री ११.१५

विमावाले, तीन आयफोन म्हणजे जवळजवळ एक नॅनो. टाटांची गाडी येईपर्यंत दम धरा, चौघं बसून तरी जाल.

आता मुद्द्याचं. फोनचं नाव काय? ३जी. भारतात ३जी, म्हणजे वेगवान मोबाइल इंटरनेट, आहे का? नाही. सरकारने आत्ता कुठे या महिन्यात धोरण जाहीर केलंय, लिलाव व्हायचाय, मग मनोरे, मग सेवा. तोवर तुम्ही एजवर, म्हणजे जुन्या संथ इंटरनेटवर, रांगणार. म्हणजे ज्या गोष्टीचं नाव फोनवर आहे, तीच बंद. आणि त्याचे पैसे मात्र पुरते.

पुढे ऐका. कॅमेरा २ मेगापिक्सेल. फ्लॅश नाही. व्हिडिओ निघत नाही. एमएमएस नाही. एफएम नाही. मेमरी कार्ड घालायला जागा नाही. बॅटरी काढता येत नाही, म्हणजे जादा बॅटरी खिशात ठेवायची सोय संपली. मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवता येत नाही, २००८ सालात! ब्लूटूथ आहे, पण ते फक्त कानात घालायच्या यंत्रासाठी. फाइल जात नाही, येत नाही. आवडतं गाणं सरळ रिंगटोन म्हणून लावता येत नाही. माझ्या नोकिया एन९५ मध्ये यातलं झाडून सगळं आहे, वर ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि जीपीएस. तो बाजारात येऊन वर्ष उलटलं.

आणि अमेरिकेत हाच फोन १९९ डॉलर. आजच्या भावाने साडेआठ हजार. इथे ३१. आपल्याला काय समजतात हे लोक?

---

विदुला_ठाणे | २६ ऑगस्ट २००८, दुपारी १.०५

मी शनिवारी घेतला, ८ जीबीचा काळा. माझा नंबर आधीपासून त्यांच्यापैकी एका कंपनीचाच होता. नसता तर घेतला नसता, कारण फोन ज्या कंपनीकडून घ्याल तिचंच सिम चालतं आणि आपल्याकडे कंपनी बदलली की नंबर बदलतो. विमावाले, तुमचं सिम कुठलं आहे ते आधी बघा. तुमच्या धंद्यात नंबर बदलणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

काकांनी दिलेली यादी बरोबर आहे. एकही मुद्दा खोडत नाही. उलट एक घालते, आणि तो विमावाल्यांसाठी सगळ्यात वाईट आहे: आलेला एसेमेस फॉरवर्ड करता येत नाही. पर्यायच नाही. कॉपी-पेस्टही नाही, त्यामुळे मागच्या दाराने पण जमत नाही. अख्खा मजकूर परत टाइप करायचा. डिलिव्हरी रिपोर्ट नाही. एक मजकूर लिहून अनेकांना एकदम पाठवता येतो, पण मग नाव आणि रक्कम कशी बदलणार?

आता मी का घेतला ते.

मी आर्किटेक्ट आहे. साइटवर नकाशांची गुंडाळी घेऊन जायची, ती वाऱ्याने उडते, सिमेंटचा हात लागतो. काल ऑफिसच्या वायफायवर एक नकाशा पीडीएफ म्हणून मेलमध्ये उतरवून घेतला आणि साइटवर कंत्राटदारासमोर उघडला. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची त्याने चुकीची धरली होती. दोन बोटं काचेवर ठेवून लांब केली, तशी ती भिंत मोठी होत गेली, शेवटी ओट्याखालचा मापाचा आकडा पडदाभर. तो बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, मी करून बघू?" मग त्याने खिडकी मोठी केली, जिना मोठा केला, संडास मोठा केला. ओट्याचं भांडण बाजूलाच राहिलं.

हे एन९५ वर पण "होतं", काका. मी वर्षभर माझ्या नवऱ्याचा तोच फोन पाहिलाय. मेनूत जा, पर्याय दाबा, मोठं करा, परत पर्याय, उजवीकडे सरका. होतं, पण कोणी करत नाही.

लोकलमध्ये एका हाताने वर्तमानपत्राचं पान उघडते. पूर्ण पान आधी मुंगीएवढं दिसतं, मग हव्या त्या रकान्यावर अंगठ्याने दोनदा टकटक केलं की तोच रकाना पडद्याच्या रुंदीत बसतो. एजवर पान यायला घाटकोपर ते कुर्ला लागतं हे खरं. ३जीचं म्हणाल तर ते बटण मी बंदच करून टाकलंय. नेटवर्क नाहीच तर फोनने ते उगाच शोधत बसून बॅटरी का खावी?

हा प्रतिसाद लॅपटॉपवरून लिहितेय, कारण फोनवर मराठी कळफलक नाही. तेही यादीत घाला.

---

मोबाईलगल्ली_कोल्हापूर | २६ ऑगस्ट २००८, रात्री ९.३०

माझं मोबाइलचं दुकान आहे, म्हणून जरा वेगळं बोलतो.

आमच्याकडं खरा आयफोन बघायला येणारे लई, विचारणारे त्याहून लई, घेणारा अजून दिसला नाही. पण हुबेहूब दिसणारा चायना फोन येऊन गेला की राव बाजारात! चार-पाच हजारांत, दोन सिम, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मी स्वतः ठेवत नाही, पण शेजारी धडाधड जातोय. गिऱ्हाईक मला विचारतंय, "ह्या खऱ्यात दोन सिम नाहीत व्हय? मग एवढे पैसे कशाचे?"

एक गंमत सांगतो. एका मित्राचा खरा आयफोन काल तासभर काउंटरवर होता. आजवर लोकांना काडीवाले टचफोन माहीत. त्यामुळं जो येतो तो नखानं दाबतोय. नखानं हा फोन हलत नाही! आणखी जोरात दाबतात. मग म्हणतात, "हँग झालाय." बोटाचं मांस टेकवायचं, दाबायचं नाही, नुसता स्पर्श, हे सांगता सांगता तोंड दुखलं. आणि एकदा जमलं की मग फोन परत देईनात. पेन्शनला आलेले एक आजोबा फोटो इकडून तिकडं सरकवत बसले, बँक बंद व्हायची वेळ झाली तरी उठले नाहीत.

विमावाले, मेव्हण्याचं ऐकू नका. फोर्टातला जुना आयफोन म्हणजे कुठलंही सिम चालावं म्हणून कंपनीचं कुलूप तोडलेला. गेल्या सप्टेंबरात कंपनीचं अपडेट चढवल्यावर असे किती फोन दगड होऊन पडले ते पेपरात आलं होतं. अपडेट चढवायचं नाही आणि वॉरंटी मागायची नाही, असल्या फोनवर धंदा करायचा का?

---

पार्सिपनीकर | २७ ऑगस्ट २००८, सकाळी ७.२०

न्यू जर्सीतून लिहितोय. "अमेरिकेत १९९ डॉलर" हे वाक्य मी या महिन्यात भारतातल्या प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकलंय, प्रत्येकाला एक पाठवून हवाय, आणि प्रत्येकाला हाच हिशोब सांगतोय. इथे लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसता दुवा देईन.

१९९ ला फोन मिळतो तो एटी अँड टी बरोबर दोन वर्षांचा करार केला तर. सगळ्यात स्वस्त बोलण्याचा प्लॅन महिना ३९.९९, त्यावर आयफोनचा डेटा महिना ३०, सक्तीचा. झाले ७०. त्यात एसेमेस नाहीत! २०० एसेमेससाठी आणखी ५ डॉलर. ते सोडून दिले तरी ७० गुणिले २४ म्हणजे १,६८० डॉलर, अधिक फोनचे १९९, अधिक कर. रुपयांत ऐंशी हजारांच्या पुढे. मधेच सोडलं तर दंड.

आता काका म्हणतील की बोलायचे पैसे कुठल्याही फोनला लागतातच. मान्य. पण तुलना करायची तर फोनची किंमत ही अशी बिलात वाटून घातलेली असते, ती मोजा. भारतात करार नाही, महिन्याची सक्ती नाही, म्हणून आकडा एकदम ३१ चा दिसतो. कंपनी धर्मादाय कुठेच करत नाहीये.

पाठवायचं म्हणाल तर इथला फोन एटी अँड टीला कुलूपबंद, ३जीचं ते कुलूप सॉफ्टवेअरने अजून निघत नाही. तिकडे तो आयपॉड म्हणून वापरावा लागेल.

अवांतर: पहिला आयफोन २९ जून २००७ ला ५९९ डॉलरला आला आणि ५ सप्टेंबरला ३९९ झाला. आरडाओरडा झाल्यावर आधी घेतलेल्यांना ऍपलने १०० डॉलरचं क्रेडिट दिलं. पहिल्या दिवशी धावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि अनुभवाचं: इथे ३जी चालतं. मी वापरतो. एजवरून ३जीवर आलं की पान उघडण्यातला फरक डोळ्यांना दिसतो, आणि दुपारी चारला बॅटरीतला फरकही दिसतो.

---

खडूस_काका | २७ ऑगस्ट २००८, सकाळी ९.००

पार्सिपनीकर, हिशोब पटला. म्हणजे तुम्हाला हप्त्याने कापतात आणि आम्हाला रोखीने. १९९ चं विधान मागे.

बाकीची यादी तशीच उभी आहे. विदुलाताई, तुमचा संडास मोठा झाला याचा आनंद आहे, पण तो बांधायला ३१ हजार पुरले असते. (हलकेच घ्या.)

---

विमावाले_नाशिक | २७ ऑगस्ट २००८, रात्री ११.५०

सगळ्यांचे आभार. फॉरवर्ड नाही हे वाचून मी दोन मिनिटं नुसता बसून होतो. एवढा मोठा फोन बनवणाऱ्यांना एसेमेस पुढे पाठवायची बुद्धी झाली नसेल? की तिकडे लोक एकमेकांना विनोद पाठवतच नाहीत?

विदुलाताई, अजून दोन गोष्टी. माझ्याकडे हजारावर नंबर आहेत, ते कसे जातील? आणि त्यात नाव शोधायचं कसं? दुसरं म्हणजे कागदाचा फोटो जवळून कसा येतो?

सिम माझं दोन्हीपैकी कुठलंच नाही. हा खरा घोळ आहे. दहा वर्षांत वाटलेली कार्डं, डायऱ्या, कॅलेंडरं, सगळ्यांवर एकच नंबर.

---

विदुला_ठाणे | २८ ऑगस्ट २००८, दुपारी १.३०

नंबर संगणकावरून जातात: जुन्या फोनमधून आउटलुकमध्ये घ्या, तिथून ऍपलच्या आयट्यून्स प्रोग्रामने यात चढवा. माझे नीट गेले. एकूणच हा फोन संगणकाशिवाय लंगडा आहे. गाणी, बॅकअप, अपडेट, सगळं आयट्यून्समधून. नाव शोधायला वर खिडकी आहे, दोन अक्षरं टाइप केली की यादी गाळून येते. नव्या प्रोग्रामांचं दुकान मात्र फोनमध्येच आहे. जुलैत पाचशे प्रोग्रामांनी सुरू झालं, आता रोज काहीतरी नवं दिसतं. बरंचसं पोरकट आहे, पण मी पुढचं वर्षभर त्याच्यावरच लक्ष ठेवून आहे. माझ्या मते फोनची खरी किंमत तिथे ठरेल.

कागदाचा फोटो: नाही. फोकस कायमचा ठरलेला आहे, तो जवळच्या वस्तूवर बसत नाही. माणसं, इमारती दिवसाउजेडी छान येतात. दाखल्यावरची जन्मतारीख वाचायची असेल तर विसरा. दुकानात जाऊन स्वतः करून बघा.

---

विमावाले_नाशिक | १४ सप्टेंबर २००८, रात्री १०.१०

गणपतीत वेळ झाला नाही. विसर्जन आज झालं, आता लिहितो.

मधल्या एका सकाळी दुकानात गेलो होतो, खिशात एका गिऱ्हाईकाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन. काउंटरवर पसरला, आयफोन वीतभर अंतरावर धरला, फोटो काढला. नाव धूसर, गाव धूसर, जन्मतारखेच्या जागी एक करडी रेघ. फोन वर वर नेत गेलो तशी अक्षरं स्पष्ट व्हायला लागली, पण तोवर ती एवढी बारीक झाली की वाचणार कोण. दोन बोटांनी मोठं केलं तर चौकोन चौकोन. तिथेच माझ्यापुरता निकाल लागला.

पण एक पाहिलं ते सांगतो. नावांची यादी उघडून अंगठ्याने झटका दिला. यादी धावली. अंगठा उचलला तरी धावतच राहिली, मग हळूहळू दमून थांबली. शेवटच्या नावाच्या पुढे ओढली तर थोडी ताणली जाऊन परत जागेवर आली. मी परत झटका दिला. परत. विकणारा पोरगा हसायला लागला, म्हणाला, "काका, सगळे हेच करतात, मी पण दिवसभर हेच करतो." गिऱ्हाईक नसताना तो खरंच तेच करत उभा होता. एन७३ वर खालचं बटण दाबून दाबून "क्ष" पर्यंत जाणाऱ्या माणसाला त्यात काय वाटलं असेल ते काकांना कळणार नाही.

परवा आयफोनचं २.१ अपडेट आलंय असं वाचलं. विदुलाताई, फॉरवर्ड आलं का त्यात?

आणि हो, नोकिया ई७१ घेतला. आयफोनपेक्षा सात-आठ हजारांनी स्वस्त, सिम तेच, नंबर तोच. सगळी बटणं, फॉरवर्ड, ब्लूटूथ, ३.२ मेगापिक्सेल. अंग लोखंडी. आयटीतल्या पोरांसमोर काढायला हरकत नाही. बायकोच्या अडीच तोळ्यांचा प्रश्न मात्र तिने अजून मिटलेला धरलेला नाही.

फक्त एक अडचण. दाखल्याचा फोटो यातही धूसर येतोय! कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे असं खोक्यावर लिहिलंय. कोणाकडे आहे का हा फोन?

---

विदुला_ठाणे | १५ सप्टेंबर २००८, दुपारी १.१५

२.१ चढवलं. बॅटरी थोडी जास्त टिकतेय, प्रोग्राम मधेच बंद पडायचे कमी झालेत. फॉरवर्ड नाही. कॉपी-पेस्ट नाही. ई७१ छान घेतलात.

---

खडूस_काका | १५ सप्टेंबर २००८, दुपारी २.४०

विमावाले, अभिनंदन. बटणांचा माणूस बटणांत परत आला.

ऑटोफोकस आहे, फक्त लपवलाय. माझ्या भाच्याकडे हाच फोन आहे. कॅमेरा सुरू करून आधी कीबोर्डवरचं टी दाबून धरा. मधली चौकट हिरवी झाली की मग मधलं बटण दाबा. दाखला सपाट ठेवा, खिडकीकडे पाठ करू नका, स्वतःची सावली पडते.

---

विमावाले_नाशिक | १५ सप्टेंबर २००८, रात्री ९.०५

आली! १२ जून १९७१, स्वच्छ वाचता येतेय. काका, तुमचा विमा आहे का?